‘झेड’च्या पुढे काय?

पाचवी ‘क’च्या पुढची तुकडी कोणती, असे विचारले तर बहुतेक शाळांत ‘ड’ हे उत्तर येईल. तोच प्रश्न मराठीच्या तासाला विचारला तर ‘क’च्या पुढे ‘ख’ येतो. सरकारी मसुद्यांत पोटकलमांना कुठे (क), (ख), (ग) असा क्रम दिलेला असतो, तर कुठे (अ), (ब), (क) असा. म्हणजे हा ‘क’ कधी पहिला, कधी तिसरा. तुकड्यांची अ-ब-क-ड ही माळ म्हणजे खरे तर इंग्रजी वर्णक्रमाने नेसलेले मराठी लुगडे आहे. तरीही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण कोणती यादी चालू आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. यादी ठरल्याशिवाय ‘पुढचा’ या शब्दाला अर्थ नाही.

संगणकाला ही यादी सांगावी लागते. काही संगणकभाषांत मात्र ती सांगण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. भाषा रचणाऱ्यानेच ती आपल्या वतीने गृहीत धरलेली असते. अशाच एका सोयीची येथे थोडी झडती घ्यायची आहे. सोय अशी : अक्षरे आणि अंक यांची मिळून बनलेली एखादी मालिका (पावती क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी) भाषेला द्यायची आणि ‘याच्या पुढचे दे’ एवढेच म्हणायचे. हे म्हणण्याची खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन अधिक चिन्हे, ++. संख्येपुढे ही खूण केली की संख्या एकाने वाढते. प्रश्न आहे तो अक्षरांपुढे केल्यास काय व्हावे, हा. (खालील उदाहरणांत रोमन अक्षरे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. वाचायला सोपे जावे म्हणून मध्ये जागा सोडली आहे. मूळ मालिकेत ती नसते.)

सी या भाषेपुढे हा प्रश्नच उभा राहत नाही. तिच्या लेखी अक्षर म्हणजे संकेतकोष्टकातला एक क्रमांक. आस्की या प्रचलित कोष्टकात मोठ्या झेडचा क्रमांक ९० आहे. त्यात एक मिळवला की ९१, आणि ९१ या क्रमांकावर आहे डावा चौकटी कंस. तसेच ‘९’ या अंकचिन्हाचा क्रमांक ५७. त्यापुढे ५८ वर अपूर्णविराम, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबे. झेडच्या पुढे कंस हे उत्तर हास्यास्पद वाटते, पण त्यात लबाडी नाही. यादी कोणती, तर कोष्टक. आणि ते छापून ठेवलेले आहे.

१९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, आणि पर्लचा मुख्य उद्योग मजकुराची उलथापालथ करण्याचा. तिने या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या अपेक्षेजवळ आणून ठेवले. ‘ए झेड’च्या पुढे ‘बी ए’. ‘झेड झेड’च्या पुढे ‘ए ए ए’. ‘ए ९’च्या पुढे ‘बी ०’. मोठे अक्षर मोठेच राहते, लहान ते लहान, अंकाच्या जागी अंक. उजव्या टोकापासून सुरुवात करायची; अक्षर संपले नसेल तर पुढचे लिहून थांबायचे, संपले असेल तर पहिले लिहून हातचा डावीकडे न्यायचा. स्कूटरच्या अंतरमापकाची चाके फिरतात तशीच ही रीत. फरक एवढाच की एखादे चाक दहा दात्यांचे, तर एखादे सव्वीस दात्यांचे. भाषेच्या माहितीपुस्तिकेनेच या करामतीला ‘जादू’ असे म्हटले आहे. पीएचपी आणि रुबी या १९९५ मध्ये लोकांसमोर आलेल्या भाषांनीही हीच कल्पना आपापल्या परीने उचलली.

या जादूत गणिताच्या शिक्षकांना रस वाटावा अशी एक जागा आहे, म्हणून तिथे जरा थांबू. ९ च्या पुढे १० येतात. हातचा डावीकडच्या रिकाम्या जागी गेला आणि तिथे १ झाला. उजवीकडे पहिला अंक, म्हणजे ०, उरला. आता ‘झेड’ घ्या. ‘ए’ हा शून्याच्या जागी आणि ‘बी’ हा एकाच्या जागी मानला तर ‘झेड’च्या पुढे ‘बी ए’ यायला हवे. पण येते ते ‘ए ए’. म्हणजे उजवीकडचा ‘ए’ शून्यासारखा वागतो आणि डावीकडचा एकासारखा! याचा उलगडा असा की अक्षरांच्या या पद्धतीत शून्य नाहीच. ‘ए’ म्हणजे १, ‘झेड’ म्हणजे २६, आणि ‘ए ए’ म्हणजे २६ अधिक १, सत्तावीस. स्थानिक किंमत आहे, पाया २६ आहे, पण शून्य नाही. दशमान पद्धतीत ० ते ९ या एकअंकी संख्या दहा, आणि दोनअंकी संख्या नव्वदच, कारण ०१, ०२ असे लिहून आपण त्या मोजत नाही. अक्षरांत मात्र एकाक्षरी नावे २६ आणि दोन अक्षरी पूर्ण ६७६, मिळून ७०२. शून्यावाचून स्थानिक किंमत चालते हे मुलांना सांगितले तर सहसा पटत नाही. एक्सेलच्या तक्त्यातील उभ्या स्तंभांची नावे दाखवली की पटते.

म्हणजे पर्लची जादू एकाच मालिकेत दोन वेगवेगळ्या पद्धती चालवते, अंकांना शून्य असलेली आणि अक्षरांना शून्य नसलेली. मला यात दोष दिसत नाही. माणसेही तेच करतात. दोष दुसरीकडे आहे. माणसे ते नेहमीच अशा रीतीने करत नाहीत. एक्सेलमध्ये एका घरात ‘ए ९’ लिहा आणि घराचा कोपरा धरून खाली ओढा. पुढच्या घरात ‘ए १०’ येईल. एक्सेलच्या समजुतीने अक्षर हे नाव आहे आणि त्यामागचा आकडा ही संख्या. हातचा अक्षरापर्यंत जातच नाही. पर्लच्या समजुतीने दोन्ही मिळून एकच चाकांची माळ, म्हणून ‘बी ०’. मुलांच्या वह्यांवर क्रमांक घालणाऱ्याला एक्सेलचे उत्तर हवे असते, ठरावीक लांबीचे संकेतांक पाडणाऱ्याला पर्लचे.

वाहनांच्या पाट्यांना तर दोन्ही चालत नाहीत. पाटीवरचा आकडा १ ते ९९९९ असा चालतो आणि मग अक्षरे बदलतात; पण ती बदलताना ‘आय’ आणि ‘ओ’ गाळतात, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. त्यामुळे ‘ए एच ९९९९’च्या पुढे ‘ए जे १’. जादूच्या खुणेने ‘ए आय ००००’ दिले असते. ते दोन ठिकाणी चूक ठरते : हे अक्षर यादीत नाही, आणि शून्य क्रमांकाची गाडीही नाही.

इथवरचे आक्षेप सोयीच्या मर्यादांचे झाले. आता तिच्या धोक्याकडे वळू, आणि त्यासाठी पीएचपीचे उदाहरण घेऊ. पर्लने आपल्या जादूभोवती एक कुंपण घातले होते : मालिकेत आधी अक्षरे आणि मग अंक, एवढाच आकार तिला मान्य. पीएचपीने उसनवारी करताना हे कुंपण मागेच ठेवले. अक्षरे आणि अंक कोणत्याही क्रमाने मिसळले तरी तिला चालू लागले. दिसायला हा उदारपणा. पण त्याची किंमत बघा.

समजा, प्रयोगशाळेतील बाटल्यांना ‘५ ए ०’ पासून नावे द्यायची आहेत. ‘५ ए १’, ‘५ ए २’ असे करत ‘५ ए ९’ येते, मग ‘५ बी ०’. सगळे सुरळीत. चाळिसावी बाटली ‘५ डी ९’, एक्केचाळिसावी ‘५ ई ०’. आणि बेचाळिसावी? ‘५ ई १’ असायला हवी. पीएचपीने दिली ६.

यात संगणक बिघडलेला नाही. फार मोठ्या किंवा फार लहान संख्या संगणकावर लिहिताना दहाच्या घाताची खूण म्हणून ‘ई’ हे अक्षर वापरण्याचा प्रघात आहे. ‘५ ई ०’ म्हणजे पाच गुणिले दहाचा शून्यावा घात, म्हणजे पाच. पीएचपी प्रत्येक वेळी आधी विचारते, ‘ही मालिका संख्येसारखी दिसते का?’ दिसली तर ती संख्या मानून एक मिळवते. न दिसली तर जादू चालवते. चाळीस वेळा उत्तर ‘नाही’ आले, एक्केचाळिसाव्या नावाला ‘हो’ आले. नाव होते त्याची संख्या झाली, पाचाचे सहा झाले, आणि पुढे सात, आठ, नऊ. तक्रारीचा एक शब्द न उच्चारता. दहा-वीस बाटल्यांवर आज्ञावली तपासून पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. पर्लमध्ये हा विशिष्ट सापळा नाही, कारण अंकाने सुरू होणारी आणि मध्ये अक्षर असणारी मालिका तिच्या जादूत बसतच नाही. तिचा ती पहिल्याच बाटलीला विचका करते, आणि पहिल्याच बाटलीला झालेला विचका लगेच नजरेला येतो.

एकाच खुणेला दोन अर्थ द्यायचे आणि कोणता लागू हे वस्तूच्या दिसण्यावरून ठरवायचे, या रचनेवर माझा मुख्य आक्षेप आहे. ‘आडनाव पाहून जात ओळखणे’ या आपल्याकडच्या खोडीसारखेच ते आहे; बहुतेक वेळा बरोबर येते, म्हणूनच खोड जात नाही.

हा केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या घरातला प्रश्न असता तर या मासिकात त्याला जागा मागितली नसती. जपानच्या रिकेन संस्थेने जनुकीय नमुन्यांना दिलेल्या संकेतांकांत ‘२३१०००९ ई १३’ यासारखे संकेतांक होते. एक्सेलच्या तक्त्यात भरताना अशा संकेतांकाची दहाच्या घातातली भली मोठी संख्या झाली, आणि मूळ नाव परत मिळण्याचा मार्ग उरला नाही. २००४ मध्ये काही संशोधकांनी हे दाखवून दिले. ‘सेप्ट २’ या जनुकाची तर २ सप्टेंबर ही तारीख होत असे. २०१६ मधील एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघडलेले नाव सापडले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. ‘सेप्ट’चे ‘सेप्टिन’ झाले. यंत्राच्या अंदाजापुढे विज्ञानाने आपली परिभाषा वाकवली. हे आपापसात समजुतीने झाले असले तरी मला ते खटकते. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची सोय २०२३ मध्ये आली.

शाळेच्या कार्यालयातही हाच रोग वेगळ्या रूपात भेटतो. विद्यार्थ्याचा बारा अंकी आधार क्रमांक साध्या घरात भरला की एका अंकानंतर दशांशचिन्ह, पुढे काही अंक आणि मग ‘ई’ असे काहीतरी दिसते, आणि कारकून गोंधळून जातो. शाळांचा यूडायस संकेतांक अकरा अंकी. महाराष्ट्राचा २७ ने आणि गोव्याचा ३० ने सुरू होतो म्हणून आपण वाचलो. जम्मू-काश्मीरच्या शाळांचा ०१ ने सुरू होतो. तो संख्या म्हणून भरला की पुढचे शून्य गळते आणि संकेतांक दहा अंकी होतो. आधार क्रमांकाची बेरीज कोणी करत नाही, त्याला दोनाने भागत नाही. तो अंकांत लिहिलेले नाव आहे.

आता दुसरी फसगत. पीएचपीत ‘ए’पासून आरंभ करून, मालिका ‘झेड’पेक्षा मोठी नाही तोवर पुढे जात राहा, असे सांगितले तर सव्वीस अक्षरे मिळावीत अशी आपली अपेक्षा. मिळतात ६७६ नावे. ‘झेड’नंतर ‘ए ए’ येते. आणि ते ‘झेड’पेक्षा मोठे आहे का, हे शब्दकोशाच्या क्रमाने तपासले जाते. शब्दकोशात ‘ए ए’ हे ‘झेड’च्या कितीतरी आधी. म्हणून गाडी थांबत नाही, ती ‘वाय झेड’पर्यंत धावते. त्यापुढचे ‘झेड ए’ हे ‘झेड’नंतरचे, म्हणून तिथे कशीबशी थांबते. सव्वीस आणि पंचवीस गुणिले सव्वीस, मिळून ६७६. पर्लने हे ओळखून ‘इथपासून तिथपर्यंत’ असे म्हणण्याची वेगळी खूण दिली आणि शेवटच्या नावापेक्षा लांब नाव आले की थांबायचे असा नियम घातला. पीएचपीच्या ++ ला तो नियम नाही. पुढे जाण्याचा क्रम एक आणि लहान-मोठे ठरवण्याचा क्रम दुसरा, अशी ही विसंगती आहे. संख्यांमध्ये हे दोन क्रम एकच असतात, इतके एकच की ते दोन आहेत हेच आपण विसरतो.

इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची मांडणी ‘लगतची पुढची’ या एकाच कल्पनेवर उभी केली. तिच्या अटींपैकी एक अशी : दोन वेगळ्या संख्यांची लगतची पुढची संख्या एकच असू शकत नाही. ही अट नसेल तर मागे येताना कुठे यायचे ते ठरत नाही. या कसोटीला पीएचपीची खूण उतरत नाही. ‘५’च्या पुढे ६ आणि ‘५ ई ०’च्याही पुढे ६. मागे जाण्याची तर तिने सोयच ठेवली नव्हती. ‘बी’पुढे दोन वजाचिन्हे ठेवली तर ‘बी’च राहत असे, मुकाट्याने. पर्लमध्येही मागे जाण्याला जादू नाही. तिथे ‘बी’ हे आधी शून्य मानले जाते आणि उत्तर येते उणे एक. पुढे नेणारा आणि परत न आणणारा असा हा रस्ता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएचपीच्या ८.३ या आवृत्तीने यावर उपाय केला. मालिकेला पुढे नेणारे आणि मागे आणणारे अशी दोन वेगळी फंक्शने दिली. यांना दिलेली वस्तू संख्येसारखी दिसो वा न दिसो, ती मालिकाच मानली जाते. ‘५ डी ९’नंतर ‘५ ई ०’ आणि त्यानंतर ‘५ ई १’. बेचाळिसाव्या बाटलीला अखेर तिचे नाव मिळाले. ‘ए’च्या मागचे मागितले तर उगाच काही न देता ते चूक दाखवून थांबते. सुधारणा चांगली आहे. मुख्य म्हणजे अंदाज करणे सोडून विचारणाऱ्याकडून हेतू वदवून घेणारी आहे.

पण पेआनोच्या कसोटीला ही नवी फंक्शनेही पूर्ण उतरत नाहीत. ‘९’च्या पुढे ‘१०’, आणि ‘०९’च्याही पुढे ‘१०’. मागे येताना ‘१०’च्या मागे ‘९’ मिळते, म्हणून ‘०९’पासून निघालेला माणूस एक पाऊल पुढे आणि एक मागे टाकून ‘९’वर येऊन उभा राहतो. रुबीतही ‘९’ आणि ‘०९’ दोन्ही ‘१०’वरच जातात. केवळ अक्षरांच्या मालिकेत असे कधीच होत नाही, ‘ए ए’च्या मागे फक्त ‘झेड’. कारण पुन्हा तेच, अक्षरांना शून्य नाही. ज्या शून्याने गणित सोपे केले, त्यानेच इथे नावांची पंचाईत केली.

पायथन ही शाळा-महाविद्यालयांत बरीच शिकवली जाणारी भाषा या भानगडीत पडत नाही. तिच्यात ++ ही खूणच नाही, आणि अक्षरात एक मिळवायला सांगितले तर ती नकार देते. विद्यार्थ्यांना हा हट्टीपणा वाटतो. शिकवण्याच्या दृष्टीने मला तो नकार पर्लच्या जादूपेक्षा मोलाचा वाटतो, कारण मग ‘पुढचे म्हणजे काय’ हे मुलाला स्वतः लिहावे लागते : यादी कोणती, हातचा कुठवर, यादी संपली तर काय. दहा-बारा ओळींचे काम आहे.

देवनागरीसाठी तर ते करावेच लागेल. पीएचपीच्या नव्या फंक्शनांना ‘अ’ दिला तर ती चूक दाखवून थांबतात. त्यांना रोमन अक्षरे आणि इंग्रजी वळणाचे अंक एवढेच ठाऊक. युनिकोडच्या कोष्टकातील क्रमांकाला एक मिळवून ‘पुढचे’ अक्षर काढावे म्हटले तर ‘न’च्या पुढे ‘प’ येत नाही. मध्ये नुक्त्याचा ‘ऩ’ बसलेला आहे, आणि ‘र’नंतर ‘ऱ’. ‘ळ’ तर ‘ल’ला लागून येतो; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्याही पुढे आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतःचे क्रमांकच नाहीत, ती जोडाक्षरे म्हणून घडवली जातात. कोष्टक अनेक भाषांसाठी रचलेले आहे, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण मराठी शाळेची यादी त्यात नाही, आणि अ-ब-क-ड तर मुळीच नाही.

वर्गात करण्याजोगे एक गणित देतो. २००७ पासून एक्सेलच्या तक्त्यातील शेवटच्या स्तंभाचे नाव ‘एक्स एफ डी’ असे आहे. ‘ए’ला १ धरून तो कितवा? एक्स २४, एफ ६, डी ४. २४ गुणिले ६७६ म्हणजे १६,२२४; ६ गुणिले २६ म्हणजे १५६; अधिक ४. बेरीज १६,३८४, म्हणजे दोनाचा चौदावा घात. त्याआधीच्या आवृत्त्यांत शेवटचा स्तंभ ‘आय व्ही’ होता. त्याचे उत्तर मुलांनी काढावे, आणि तेही दोनाचा घात आहे का ते पाहावे.